आठवड्यात चार किलो: नेमकं गेलं काय?

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हॉल मिळेनासे होतात, आणि त्याच सुमारास मोबाइलवर 'पंधरा दिवसांत आठ किलो' छापाचे डाएट चार्ट फिरायला लागतात. नवरीला शालूत बारीक दिसायचं असतं, करवलीलाही. भरतीच्या तयारीतली पोरं आणि तालमीतले मल्ल यांचे चार्ट वेगळे, मथळा तोच. खाली कुणा डॉक्टरचं नाव नाही, कुणासाठी चालेल नि कुणासाठी नाही याचा पत्ता नाही. २०२५ साली केरळ आणि तमिळनाडूतून, वजन कमी करायचं म्हणून खाणं जवळजवळ बंद केलेल्या किशोरवयीन मुलांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. दोन दिवस हळहळ झाली. चार्ट अजून फिरतायत.

वजन कमी करणं वाईट नाही, उलट अनेकांना त्याची गरज आहे. भारतीय बांध्यासाठी कमरेचा घेर बाईचा ८० सेंटिमीटर आणि पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह, रक्तदाब यांचा धोका वाढतो. प्रश्न आहे तो घाईचा, आणि त्या घाईत शरीरातून काय काय बाहेर पडतं याचा.

आधी हिशेब

कॅलरी हे अन्नातल्या ऊर्जेचं माप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांनुसार बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या बाईला दिवसाला सुमारे १,६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला सुमारे २,११० कॅलरी लागतात. वजन जास्त असेल तर थोड्या अधिक.

आता फिरणारा चार्ट बघा. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दहाला दुधीचा रस, दुपारी वाटीभर पपई आणि काकडी, चारला कोरा चहा, सहाला ग्लासभर ताक, रात्री भाज्यांचं सूप. सगळं मिळून साडेतीनशे, फार तर चारशे कॅलरी. प्रथिनं जेमतेम आठ-दहा ग्रॅम. दिवसाला ८०० कॅलरींच्या खालचा आहार डॉक्टरसुद्धा फक्त देखरेखीखाली देतात. हा तर त्याच्याही निम्म्यावर आला.

अठराशे कॅलरी लागणारी बाई चारशेवर राहिली तर रोजची तूट १,४००, आठवड्याची ९,८००. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे सगळी तूट चरबीतूनच भरून निघाली असं धरलं तरी आठवड्यात सव्वा किलोच चरबी जाणार. काट्यावर मात्र चार किलो कमी दिसतात. मग उरलेले पावणेतीन किलो कुठले?

बहुतेक पाणी. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतली काही साखर यकृतात आणि स्नायूंत साठवली जाते. त्या साठ्याला ग्लायकोजन म्हणतात. तो चारशे-पाचशे ग्रॅम असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं तुटलं की दोन-तीन दिवसांत साठा संपत येतो आणि ते पाणी लघवीवाटे जातं. झाले दोन किलो कमी. त्यात मीठ कमी झाल्यामुळे गेलेलं पाणी आणि रिकामं झालेलं आतडं मिळवा. लग्नाच्या पंगतीत दोन वेळा पोटभर भात खाल्ला की यातलं बरंचसं परत येतं, आणि बिचारी नवरी म्हणते, मला हवा खाल्ली तरी लागते!

चरबी सोडून बैल का विकला जातो?

शरीराचा कारभार शेतकऱ्याच्या घरासारखा समजा. खिशातली रोकड म्हणजे ग्लायकोजन. पतसंस्थेतली ठेव म्हणजे चरबी. आणि गोठ्यातला बैल म्हणजे स्नायू. अडचण थोडी असेल तर रोकड आणि थोडी थोडी ठेव मोडून भागतं. पण आवक एकदम बंद झाली तर ठेव मोडायला मर्यादा येते, घर चालवायला रोजची रोकड लागते, आणि बैल तर उभ्या उभ्या चारा खातो. मग ठेव शिल्लक असतानाही बैल बाजारात जातो.

मेंदूला आणि तांबड्या रक्तपेशींना साखर लागतेच. चरबीतून ती फारशी बनवता येत नाही. उपाशी शरीर काही दिवसांत चरबीपासून कीटोन नावाचं पर्यायी इंधन तयार करतं, पण तोवर आणि त्यानंतरही थोड्या प्रमाणात, स्नायूंतली प्रथिनं मोडून साखर बनवली जाते. अन्नातून प्रथिनं येत असतील तर ही मोडतोड कमी. आठ-दहा ग्रॅमवर ती थांबण्याची आशाच नको. माणसाला किलोमागे किमान ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, म्हणजे साठ किलोला पन्नास ग्रॅम.

हृदय हाही स्नायूच आहे.

स्नायू गेल्याचा तोटा डाएट संपल्यावर कळतो. गेलेलं वजन परत येतं तेव्हा ते प्रामुख्याने चरबीच्या रूपात येतं, कारण व्यायामाशिवाय बैल परत गोठ्यात येत नाही. ६८ वरून ६२ आणि परत ६८ झालेली व्यक्ती काट्यावर तेवढीच दिसते, पण तिच्या अंगात आता स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. असे दोन-तीन फेरे झाले की पुढच्या वेळी वजन उतरवणं आणखी जड जातं.

शरीर खर्च आवरतं

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी. आपल्या चार्टच्या चौपट, हे लक्षात घ्या. त्यांचं वजन सुमारे पाव हिस्स्यानं घटलं आणि विश्रांतीत जळणारी ऊर्जा जवळपास ४० टक्क्यांनी. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजायची, नाडी मंद झाली, केस गळाले, घोट्यांवर सूज आली. चिडचिड वाढली. डोक्यात चोवीस तास जेवण! पाककृतींची पुस्तकं वाचत बसणारे निघाले. पुन्हा खायला मिळाल्यावर काहींना पोट भरल्याची जाणीवच होईना.

हे मनाच्या कमकुवतपणामुळे होत नाही. चरबी घटली की भूक शमवणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि भूक चाळवणारं ग्रेलिन वाढतं. त्यामुळे रात्री अकराला फ्रिज उघडून कुंद्याचा डबा संपवणाऱ्या मुलीला घरच्यांनी 'तुला कंट्रोलच नाही' म्हणू नये. दिवसभर चारशे कॅलरींवर ठेवलेलं शरीर दुसरं काय करणार?

पित्ताशय, आणि त्याहून गंभीर म्हणजे हृदय

पित्त यकृतात बनतं, पित्ताशयात साठतं आणि जेवणात तेल-तूप आलं की आतड्यात सोडलं जातं. कडक डाएटमध्ये दोन गोष्टी एकदम होतात. चरबी भराभर वितळत असल्यामुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, आणि अन्नात स्निग्ध पदार्थच नसल्यामुळे पित्ताशय आकुंचन पावत नाही. साचलेल्या दाट पित्तात खडे धरतात. आठवड्याला दीड किलोच्या वर वजन घटत असेल तर हा धोका ठळकपणे वाढतो. मग एक दिवस तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण होतं आणि रात्री उजव्या बरगडीखाली, पाठीकडे जाणारी कळ उठते. लोक ॲसिडिटीची गोळी घेतात. कळ तासाभरात थांबली नाही, ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर सोनोग्राफीशिवाय पर्याय नाही.

हृदयाचं गणित क्षारांवर चालतं. पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट यांचं रक्तातलं प्रमाण अगदी थोड्या मर्यादेत असावं लागतं. उपासमार, रेचक चूर्णं, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि उलट्या हे सगळे ते बिघडवतात आणि ठोक्यांची लय चुकते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नुसत्या द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचं डाएट गाजलं होतं. त्यात साठेक माणसं दगावली. त्यातल्या अनेकींना आधीपासून हृदयविकार नव्हता.

दुसरा धोका उपास सुटताना असतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसानं एकदम जिलेबी, भात, सरबत असा मारा केला तर इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. मूळचे साठे आधीच आटलेले. मग श्वास लागतो, पायांवर सूज येते, भ्रम होतो, ठोके चुकतात. बी-१ जीवनसत्त्व कमी असेल तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दहा दिवसांहून जास्त असं उपाशी राहणं झालं असेल तर घरी 'हळूहळू पेज देऊ' असं ठरवू नका. रक्त तपासून, मोजून खाणं वाढवायला रुग्णालयच हवं.

केस, पाळी, रक्त

केस डाएट चालू असताना गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणून दोष शाम्पूला नाहीतर बोअरच्या पाण्याला जातो. पाळी लांबणं किंवा थांबणं ही मात्र स्पष्ट सूचना आहे: इंधन अपुरं आहे असं दिसल्यावर मेंदू प्रजननाचं काम बंद ठेवतो, इस्ट्रोजेन घटतं आणि त्याबरोबर हाडांतलं कॅल्शियम जातं. सलग तीन महिने पाळी नाही तर डॉक्टरकडे जायचंच. पंचविशीपर्यंत हाडं भरायची असतात, त्या वयात हे नुकसान महागात पडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. अशा अंगावर सुपाचा चार्ट म्हणजे आधीच कमी असलेल्या लोहात आणखी घट.

रस 'नैसर्गिक' असतो ना?

दुधी, काकडी, दोडका या वेलांत कुकुरबिटॅसिन नावाचं कडू विष तयार होऊ शकतं. दुधी कडू निघाला तर त्याच्या ग्लासभर रसानं पोटात मुरडा, रक्ताच्या उलट्या आणि रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. देशात मृत्यू झाले आहेत, आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं २०११ मध्ये कडू रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं. त्यावर उतारा नाही. किसण्याआधी चकती जिभेला लावून बघायची. कडू लागली तर थुंकायची आणि अख्खा दुधी टाकायचा. त्यात आवळा, आलं घालून चव लपवणं हा शुद्ध वेडेपणा. रोज ग्लासभर कच्च्या पालकाचा रसही नको. त्यातल्या ऑक्झॅलेटमुळे मूत्रपिंडात खडे होतात, क्वचित मूत्रपिंडच निकामी होतं.

'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, पाकिटावर घटक नसलेल्या बारीक होण्याच्या पावडरींत सिब्युट्रामिन नावाचं औषध मिसळलेलं अनेक देशांत सापडलं आहे. हृदयाला घातक म्हणून भारतात त्यावर २०११ मध्ये बंदी आली.

मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर

इथे चूक झाली तर ती तासांत जिवावर येते, म्हणून सविस्तर.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन हे तुम्ही जेवा किंवा न जेवा, साखर खाली ओढतातच. जेवण अर्धं केलं आणि गोळी तीच ठेवली तर साखर ७० च्या खाली जाते: हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर परत द्या, मग काहीतरी खायला घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका फसवा आहे. त्या लघवीवाटे साखर काढतात. त्या चालू असताना भात-भाकरी पूर्ण बंद केली किंवा कडक उपास केला तर रक्तात कीटोन आम्ल साचतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. ग्लुकोमीटरवर साखर १८०-२०० च दिसते, त्यामुळे घरचेच काय, कधी कधी दवाखान्यातही शंका येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, खोल जलद श्वास ही लक्षणं. अशा वेळी 'ही गोळी चालू आहे आणि खाणं बंद होतं' ही दोन वाक्यं डॉक्टरांना आधी सांगा.

रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा डोसही वजन घटताना कमी करावा लागतो. उठताना चक्कर येणं ही त्याची खूण. कोणतीच गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण जेवण बदलण्याच्या आधी डॉक्टरला भेटा. चक्कर येऊन पडल्यावर नव्हे.

'पण अमक्याची शुगर डाएटनंच गेली'

गेली असेल. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात रोज सुमारे ८२५ ते ८५३ कॅलरींवर तीन ते पाच महिने ठेवलेल्या मधुमेहींपैकी ४६ टक्क्यांची साखर वर्षाअखेर गोळ्यांशिवाय आटोक्यात होती. पण त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, जेवणाऐवजी दिलेल्या पेयात प्रथिनं, क्षार, जीवनसत्त्वं मोजून घातलेली होती, नियमित तपासणी होती, आणि नेहमीचं अन्न टप्प्याटप्प्यानं सुरू केलं होतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्यात घेतलंच नव्हतं. मोबाइलवरच्या चार्टमध्ये यातलं काय आहे?

'आमची आजी एकादशी धरायचीच की'

धरायची, आणि बारशीला सकाळी पारणं सोडायची. निरोगी माणसाला एका दिवसाचा उपास सहज पेलतो, कारण तो बराचसा ग्लायकोजनवर निघतो. त्यातून आपल्या उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, आपल्या भागात मुबलक पिकणारी रताळी. कॅलरींची वाण नसतेच. दिवसातून दोनच वेळा जेवण्याचंही तसंच. वेळा किती यानं बिघडत नाही. त्या दोन वेळांत पुरेसं जेवलात का आणि गोळ्या त्याप्रमाणे बदलल्या का, एवढं बघायचं.

तालमीतला प्रकार

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणं, जर्किन घालून उन्हात धावणं, थुंकत राहणं हे सगळं पाण्याचं वजन घालवतं, चरबीचं नाही. रक्त दाट होतं, अंगाचं तापमान चढतं, घाम येईनासा होतो. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन मल्ल असं करताना जेमतेम महिन्याभरात दगावले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रात्रभर धडपड करूनही विनेश फोगाट १०० ग्रॅमनं बाद झाली, ते तर सगळ्यांनी पाहिलं. गट बदलायचाच असेल तर दोन-अडीच महिने आधी सुरुवात करा. वस्तादाला हे पटवणं अवघड आहे, कबूल.

मग ताटात काय?

आठवड्याला अर्धा किलो. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली की साधारण एवढं होतं. सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन ते सात किलो गेले तरी साखर आणि रक्तदाबात फरक पडतो. बैठं काम करणाऱ्या, सत्तरीच्या घरात वजन असलेल्या बाईसाठी आपल्याच जेवणातला एक दिवस असा:

जोंधळ्याच्या दोन भाकरी, प्रत्येकी ६० ग्रॅम पिठाची. शिजलेला भात एक वाटी. आमटीला ३० ग्रॅम डाळ, उसळीला ४० ग्रॅम मसूर किंवा मटकी (दोन्ही कच्च्या वजनाचे आकडे). दोन अंडी, नाहीतर ६० ग्रॅम पनीर. ग्लासभर दूध आणि मोठी वाटी दही. शेंगदाण्याची चटणी दोन चमचे. कोरड्यास आणि कोशिंबीर पोट भरेल इतकी. सगळ्या स्वयंपाकात मिळून तिच्या वाट्याला तेल तीन लहान चमचे.

हे साधारण १,४०० ते १,४५० कॅलरी आणि साठेक ग्रॅम प्रथिनं होतात. खरी गोम तेलात असते. एका चमच्यात ४५ कॅलरी, आणि फोडणी कुणी मोजत नाही. महिन्याचा तेलाचा डबा घरातल्या माणसांनी आणि तीस दिवसांनी भागून बघा, उत्तर बहुतेक घरांत चक्रावणारं येतं. मांसाहार करणाऱ्यांनी अंड्यांऐवजी साठ-सत्तर ग्रॅम चिकन किंवा मासे घ्यावेत. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर किंवा पाण्याच्या कळशीसारखं वजन उचलणं हवं. नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, यांनी हेही डॉक्टरांशिवाय करू नये. युरिक ॲसिड वाढलेलं असणाऱ्यांनी उपास टाळावा, त्यात गाऊट, म्हणजे त्या आम्लामुळे होणारी सांधेदुखी, उसळतो.

कधी थेट रुग्णालय?

छातीत धडधड, चक्कर येऊन पडणं, सतत उलट्या, धाप, पायांवर नवी सूज, असंबद्ध बोलणं. यातलं काहीही झालं तर सिव्हिल असो की खाजगी, ईसीजी आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, साखर तपासून घ्या. उलट्या होत असतील तर सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी बी-१ द्यायचं का हे विचारा.

घरातली मुलगी जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते, दिवसातून चार वेळा काट्यावर उभी राहते, हाडं दिसत असूनही स्वतःला जाड म्हणते, तर तो मनाचा आजार असू शकतो आणि तो रागावून जात नाही. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि डॉक्टरकडे जाताना चार्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि ते चूर्णाचं पाकीट, सगळं पिशवीत घालून न्या. पाकिटावर कन्नड असो की मराठी, घटकांची यादीच नसेल तर डॉक्टरला तेवढंही पुरतं.